गहू गिरणीला, जोंधळा घरी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच अडचणीची आहेत. घरात कुणाला तरी सिलिॲक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार, निघाला, डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला, घरानं तो मनापासून बंद केला आणि तरीही तक्रारी थांबेनात. आपल्याकडे जोंधळा, नाचणी, तांदूळ मुबलक पिकतो, भाकरीची सवय घराघरात आहे. हा आजार सांभाळायला याहून सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. घोडं अडतं ते दळणापाशी. म्हणून या वेळचं सगळं सदर दळणाला दिलं आहे. औषधपाण्याचे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा; इथे धान्य, यंत्र आणि पीठ एवढंच.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिॲकचं निदान होऊन सहा महिने झाले. तिच्या ताटात गहू, मैदा, रवा काही नाही. ज्वारी गावातल्या गिरणीत दळून आणतो. गिरणीवाले ओळखीचे आहेत; आमच्या आधी दुसऱ्या कुणाची तरी किलोभर ज्वारी दळून घेतात आणि मगच आमची टाकतात. तरी रक्ततपासणीतला सिलिॲकचा (अँटीबॉडीचा) आकडा खाली येत नाही. गिरणीनं एवढा फरक पडतो का? (चिकोडी)

उत्तर: पडतो. आधी हिशेब पाहा, म्हणजे गिरणीवाल्यांचा चांगुलपणा इथे का पुरत नाही ते लक्षात येईल.

गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण 8 ते 10 टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे 1 ग्रॅम पिठात 80 ते 100 मिलिग्रॅम. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापायचं असेल तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पाच किलो ज्वारीच्या पिठाला ही मर्यादा लावली तर त्यात गव्हाचं पीठ सगळं मिळून 1 ग्रॅमच्या आसपास चालेल. चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात याच्या अडीच-तीन पट पीठ मावतं.

आता गिरणी. चक्कीत दोन एमरी दगड असतात, एक स्थिर आणि एक फिरता. धान्य मधल्या भोकातून आत जातं, दगडांमधून भरडत कडेला येतं आणि दगड व लोखंडी कवच यांच्यामधल्या पोकळीतून फिरत फिरत तोंडाशी पडतं. चक्की थांबली तरी या पोकळीच्या तळाशी पीठ दाबून बसलेलं राहतं. टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं टोचून, केलेल्या खाचांत, दगडाच्या बारीक छिद्रांत, तोंडाच्या आतल्या वळणावर आणि पीठ उडू नये म्हणून बांधलेल्या कापडी नळीच्या घड्यांतही ते असतं. सगळं मिळून 50 ग्रॅम, म्हणजे मूठभर, धरलं तर ते मुळीच जास्त नाही. ते तुमच्या पाच किलो ज्वारीत मिसळलं की किलोमागे 800 ते 1000 मिलिग्रॅम ग्लुटेन झालं, मर्यादेच्या चाळीस-पन्नास पट. मुलीनं दिवसाला दोन भाकरी खाल्ल्या, म्हणजे अंदाजे 150 ग्रॅम पीठ, तर तिच्या पोटात 120 ते 150 मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. बहुतेक रुग्णांनी दिवसभरात 10 मिलिग्रॅमच्या आत राहावं असं धरतात. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तर काही महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

आधी किलोभर ज्वारी दळून घेतल्यानं हे प्रमाण कमी होतं, नाहीसं होत नाही. कारण जुनं पीठ पहिल्या किलोबरोबर सगळंच्या सगळं वाहून जात नाही. कडेला घट्ट बसलेली खपली चक्कीच्या हादऱ्यानं केव्हाही सुटते. पहिल्या किलोत सुटेल किंवा तुमच्या चौथ्या किलोत. म्हणूनच एका दळणानं काही होत नाही आणि पुढच्या दळणानं मुलगी चार दिवस झोपून राहते, असं घडतं. शिवाय शेजारची गव्हाची चक्की चालूच असते. तिचं हवेतलं पीठ तुमच्या उघड्या हॉपरवर (धान्य ओतायच्या पेटीवर), उघड्या डब्यावर बसत राहतं.

आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तो सहा महिन्यांत पूर्ण खाली यायलाच हवा असं नाही, बऱ्याच मुलांना वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पण तो उतरणीला लागलेला दिसला पाहिजे. आहे तिथेच अडून बसला असेल तर संशय दळणावर घ्या आणि तिची ज्वारी सामाईक गिरणीतून ताबडतोब बंद करा. खरा उपाय घरघंटी, म्हणजे घरातली छोटी चक्की. ती येईपर्यंत मिक्सरचं नवं भांडं घ्या आणि ते फक्त तिच्या धान्याला ठेवा. एका वेळी 200 ग्रॅम ज्वारी, थांबून थांबून दीड-दोन मिनिटं फिरवायची, नव्या बारीक चाळणीनं चाळायची, वरचा चाळ पुढच्या घाण्यात टाकायचा. भांडं तापलं की थांबा. घरातलं जुनं भांडं घासून वापरू नका. पात्याखालच्या रबरी चकतीत पीठ अडकतं आणि ते घासणीनं निघत नाही.

प्रश्न: आमच्याकडे घरघंटी आहे. आठवड्यातून एकदा गहू, एकदा ज्वारी दळतो. सासऱ्यांना सिलिॲक निघाल्यापासून गव्हानंतर मशीन ब्रशनं झाडतो आणि मग त्यांची ज्वारी टाकतो. नीट साफ करायची पद्धत सांगाल का? (निपाणी)

उत्तर: पद्धत सांगतो, पण ती एकदाच करायची आहे. दर आठवड्याला करून निभावण्यासारखी ती नाही. एका यंत्रावर दोन्ही धान्यं आलटून पालटून दळत राहायचं आणि दर वेळी ते ग्लुटेनमुक्त करायचं, हे कुठल्याच घराला जमत नाही. घरात एकच घरघंटी असेल तर ती जोंधळ्याला द्या आणि गहू गिरणीला पाठवा. बहुतेक घरांत याच्या नेमकं उलट चाललेलं असतं. रोज लागतो म्हणून गहू घरी दळतात आणि आजारी माणसाची ज्वारी बाहेर जाते. गहू खाणाऱ्यांना गिरणीतल्या पिठानं काही होत नाही. ज्याला होतं त्याचं धान्य आपल्या नजरेखाली हवं.

आता ती एकदाची सफाई. प्लग काढा. यंत्र स्वयंपाकघरातून सोप्यात किंवा अंगणात न्या, तोंडाला फडकं बांधा, सासऱ्यांना तिथे थांबू देऊ नका. हॉपर, जाळी, पिठाचा डबा आणि हवा गाळणारी कापडी पिशवी सुटी करा. सगळं आधी कोरडंच झाडा. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पीठ ओढून घ्या, पण त्याची नळी फुंकायच्या बाजूनं लावू नका. फुंकलं की पीठ बेअरिंगपाशी आणि मोटरच्या बाजूला जाऊन बसतं आणि पुढे महिनाभर थोडंथोडं सुटत राहतं.

दळणाच्या कप्प्यात बहुतेक घरघंट्यांना फिरणाऱ्या लोखंडी हातोड्या असतात. त्या एकेक हातानं उलटवून त्यांच्या खिळ्यांभोवती, मधल्या दांड्याच्या मुळाशी, बोल्टच्या डोक्यांच्या खाचांत आणि दाराच्या फोमच्या पट्टीखाली टॉर्च मारून पाहा. बांबूची काडी आणि जुना टूथब्रश इथे सगळ्यात कामाचा. मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसा, फडकं बदला, पुन्हा पुसा. मोटरकडे पाणी जाऊ देऊ नका. हॉपर आणि डबा धुताना आधी गार पाणी आणि मगच गरम पाणी व साबण. थेट गरम पाणी ओतलं की उरलेल्या पिठाची खळ होते आणि ती सांध्यांत चिकटते.

कापडी पिशवी, फोमची पट्टी आणि जाळ्या धुऊन वापरू नका, नव्या घ्या. जाळीच्या भोकांत अडकलेलं पीठ काढायला सुई घेऊन बसलात तरी सगळी भोकं मोकळी होत नाहीत. एक पूर्ण दिवस वाळवा. मग किलोभर तांदूळ दळून ते पीठ गुरांना घाला, यंत्र उघडून पुन्हा झाडा, पुन्हा किलोभर तांदूळ दळून तेही गुरांना. तिसऱ्या वेळचं तांदळाचं पीठ तपासायला घ्या. तपासणीचं पुढे एका उत्तरात सांगितलं आहे. त्यानंतर त्या यंत्रात गव्हाचा एक दाणाही नको. पाहुणे आले, सण आला, गिरणी बंद होती, काही झालं तरी नको. लापशी, सातू, भाजणी यांतही गहू असतो हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

ही सफाई लोखंडी कप्प्याच्या घरघंटीला चालते. तुमची घरघंटी दगडाची असेल तर दगड बदलावे लागतील. जुन्या जात्याचंही तसंच: गहू दळलेलं जातं नुसतं धुऊन भागत नाही.

प्रश्न: आमची ज्वारी घरच्या रानातली आहे, दळण घरच्या नव्या यंत्रात होतं. मग आणखी काय पाहायचं? (अथणी)

उत्तर: मळणी आणि पोती. तुमच्या काळ्या रानात शाळू, हरभरा आणि गहू तिन्ही रब्बीचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिन्हींची काढणी मागेपुढे येते आणि मळणी यंत्र एकच, या शिवारातून त्या शिवारात फिरणारं. आदल्या रानात गहू मळला असेल तर त्याचे दाणे तुमच्या शाळूत उतरणारच. मळणीवाल्याला यंत्र रिकामं पळवून, झाकणं उघडून झाडायला सांगा आणि पहिली दोन पोती बाजूला ठेवा. ती विका किंवा घरच्या इतरांना वापरा. पोती नवी घ्या. गव्हाचं पोतं उलटं करून झटकलं तरी तागाच्या विणीत पीठ आणि तूस राहतं.

एक गव्हाचा दाणा साधारण 40 मिलिग्रॅम वजनाचा, त्यात ग्लुटेन 4 मिलिग्रॅमच्या आसपास. किलोभर ज्वारीत पाच-सहा गव्हाचे दाणे गेले की 20 मिलिग्रॅमची मर्यादा संपली. किलोभर शाळूत दाणे असतात तीसेक हजार. त्या तीस हजारांतले पाच शोधायचे असल्यानं निवडायची रीतही तशीच हवी. सुपात ढीग घेऊन वरवर हात फिरवण्यानं होत नाही. काळ्या किंवा गडद निळ्या ताटात एका वेळी 200 ते 250 ग्रॅम, दाणे एकाच थरात पसरून, दिवसाच्या उजेडात. मालदांडीचा दाणा गोल, मोत्यासारखा. गव्हाचा लांबट आणि पोटावर चीर असलेला. ती चीर एकदा नजरेत बसली की दाणा लगेच सापडतो. ताट एकदा एका बाजूनं आणि एकदा उलट बाजूनं पाहा. शक्य तर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा पाहून घ्या. चाळणीवर भिस्त ठेवू नका. गव्हाचा दाणा उभा झाला की ज्वारीच्या भोकातूनही जातो. पाखडूनही तो वेगळा होत नाही, दोन्ही जड.

घरचा हरभरा असेल तर त्यालाही हेच लागू. हरभऱ्यात गव्हाच्या ओळी टाकायची पद्धत आहे. दुकानातलं बेसन तर सामाईक गिरणीतलंच समजा. डाळ आणा, निवडा, धुऊन वाळवा, घरी दळा.

प्रश्न: आम्ही तांदूळ आणि नाचणी वापरतो. धान्य धुऊन दळायला सांगतात, पण आमच्याकडे पावसाळ्यात वाळत नाही. न धुता चालेल का? (खानापूर)

उत्तर: धुवायलाच हवं. दाण्यावर बसलेली गव्हाची धूळ निवडून जात नाही, पाण्यानं जाते. चार पाण्यांतून चोळून काढा, शेवटचं पाणी जवळपास नितळ दिसलं पाहिजे.

नाचणीच्या बाबतीत तुम्ही सुखी आहात. तिचा दाणा दीड मिलिमीटरच्या आतबाहेर, गव्हाचा जाडीलाच त्याच्या दुप्पट. दोन मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून नाचणी खाली पडते आणि अख्खा गहू वर राहतो. फुटलेला तुकडा मात्र खाली येऊ शकतो, म्हणून चाळल्यावर धुणं आलंच. राळे आणि राजगिऱ्यालाही हीच युक्ती चालते. तांदळाला चालत नाही, तो निवडावा लागतो.

वाळवणाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबरचं धान्य एप्रिल-मेमध्येच धुऊन वाळवून ठेवा. नवं स्वच्छ कापड, आपली वेगळी चटई, आणि त्याच गच्चीवर शेजारी गहू वाळत नसलेला दिवस. दाताखाली दाणा कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे. चेपला गेला तर अजून ओल आहे. ओलसर धान्य घरघंटीत टाकलं की पीठ जाळीला लेपासारखं बसतं, यंत्र तापतं आणि मोटर कण्हायला लागते. पावसाळ्यात मध्येच गरज पडली तर थोडं थोडं धुऊन पंख्याखाली दोन दिवस पसरा आणि मग लोखंडी कढईत मंद आचेवर कोमट होईपर्यंत परता. कढई गव्हाचा रवा भाजायची नको. पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नका.

प्रश्न: खपली गहू जुना देशी असल्यानं त्यात ग्लुटेन नसतं असं ऐकलं. खरं का? (गोकाक)

उत्तर: खोटं. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. बाजारात जवे म्हणून मिळतो तोही तोच. बन्सी रवा बन्सी गव्हाचा. मधुमेहवाल्यांना खपली मानवते म्हणून ती सिलिॲकच्या माणसाला देऊ नका. हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रश्न: माझी शहापूरला गिरणी आहे, तीन चक्क्या. अशा रुग्णांसाठी एक चक्की वेगळी ठेवायची इच्छा आहे. काय काय करावं लागेल? (बेळगाव)

उत्तर: तुमच्या इच्छेचं आम्हाला मनापासून कौतुक आहे, कारण गरीब घरांना घरघंटी परवडत नाही आणि त्यांच्यासाठी दुसरी वाट नाही. पण अर्धवट केलं तर नुकसान जास्त होईल. ‘ज्वारीची चक्की’ अशी पाटी असलेल्या गिरणीवर विसंबून लोक निर्धास्त होतात आणि त्याच चक्कीत गर्दीच्या वेळी कुणाचे तरी दोन किलो गहू जातात, नाहीतर भाजणी जाते.

पहिली गोष्ट खोलीची. एकाच शेडमध्ये कोपरा वेगळा काढून भागत नाही. छतापर्यंत भिंत आणि स्वतंत्र दार हवं. दुसरी, दगड नवे. जुन्या दगडाला टाकी लावून वरचा थर गेला तरी छिद्रं राहतात. कवच, तोंड आणि हॉपर पूर्ण उघडून खरवडून घ्या, जमलं तर पत्रा नवा करा. पट्ट्याचं कव्हर विसरू नका, त्यावर बोटभर जाड पीठ साचलेलं असतं आणि चक्की सुरू झाली की तेच वर उडतं. कापडी नळी, झाडणी, ब्रश, माप, तराजूचं ताट आणि टाकी लावायची हत्यारंसुद्धा त्या खोलीची वेगळी. रंगानं ओळखा, त्या खोलीत सगळं हिरवं, बाहेर हिरवं काही नाही. कॉम्प्रेसरच्या हवेनं झाडायची सवय असेल तर त्या खोलीत ती बंद.

मग माणूस. गव्हाच्या चक्कीवर उभा असलेला गडी त्याच कपड्यांनी आत आला तर भिंतीचा उपयोग काय? आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी सकाळी गव्हाच्या चक्क्या सुरू होण्याआधी हे दळण उरका. आंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत, आधी त्या खोलीत.

सगळ्यात अवघड भाग गिऱ्हाइकाचा आहे. एका घरानं न निवडलेली ज्वारी आणली, तर तिच्यातला गहू मागून येणाऱ्या सगळ्यांच्या पिठात जाईल. म्हणून आत टाकण्यापूर्वी प्रत्येकाचं धान्य ताटात पसरून पाहा, दोन-तीन ठिकाणचे नमुने घ्या आणि गहू दिसला तर नम्रपणे परत पाठवा. गव्हाच्या दळणाचा डबा आणि पिशवीही आत नको. धुतलेला वेगळा डबा आणायला सांगा. आणि प्रयोगशाळेतून पीठ तपासून घेतल्याशिवाय ‘ग्लुटेनमुक्त’ ही अक्षरं पाटीवर लिहू नका. ‘इथे गहू दळत नाही’ एवढंच लिहा, तेवढं खरं असलं तरी पुष्कळ आहे.

प्रश्न: पिठात गहू मिसळलाय का ते घरी कसं ओळखायचं? आयोडीनचा थेंब टाकून कळतं म्हणतात. (संकेश्वर)

उत्तर: आयोडीननं स्टार्च निळा पडतो, आणि स्टार्च ज्वारीतही असतो, तांदळातही असतो. त्यानं काहीच कळत नाही. कणीक पाण्याखाली धुऊन चिकट गोळा उरतो का हे पाहणंही इथे निरुपयोगी. गहू भरपूर असेल तरच तो गोळा हाती लागतो.

ग्लुटेन ओळखणाऱ्या तपासणीपट्ट्या मिळतात. ठरावीक चिमूट पीठ सोबतच्या द्रावात घोळवायचं आणि पट्टी बुडवायची. दोन रेघा उमटल्या तर ग्लुटेन आहे. अडचण नमुन्याची. गव्हाची धूळ पिठात सारखी पसरलेली नसते, एका चिमटीत नसली तर पट्टीवर एकच रेघ येते आणि पीठ शुद्ध वाटतं. म्हणून पाच किलो पिठातून दहा जागचं एकेक चमचा घ्या, एकत्र चाळा, आणि त्यातलं मापभर तपासा. नव्यानं साफ केलेल्या यंत्राचं पीठ आणि नवं पोतं फोडल्यावरचं पहिलं दळण, या दोन वेळी पट्टी वापरणं शहाणपणाचं. विक्रीसाठी पीठ करणाऱ्यांनी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एलायझा पद्धतीनं आकडा काढून घ्यावा.

आणखी दोन पत्रांत पीठ कडक उन्हात ठेवलं, भाजलं किंवा सॅनिटायझरनं यंत्र पुसलं तर चालेल का असं विचारलंय. नाही. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे, तो धान्यातलाच प्रथिनाचा भाग आहे. तो मरत नाही, फक्त झाडून-धुऊन काढता येतो.

प्रश्न: एकत्र कुटुंब आहे, चपात्या होतातच. भाकरी वेगळी केली तर पुरेल का? (बेळगाव)

उत्तर: क्रम आणि भांडी सांभाळलीत तर पुरेल. भाकरी आधी, चपात्या नंतर. कणकेचं पीठ हवेत उडायच्या आत भाकऱ्या झाकून ठेवलेल्या असाव्यात. लाकडी काथवट, पोळपाट आणि लाटणं वेगळं घ्या, लाकडाच्या रेषांत कणीक मुरते. स्टीलची परात घासून चालेल. तवा वेगळा, कारण चपातीचं करपलेलं पीठ तव्याच्या कडेला राहतं. पिठाचा डबा वरच्या फळीवर. खालच्या फळीवरच्या डब्यात वरची कणीक सांडते. भाकरीला खाली लावायला त्याच डब्यातलं ज्वारीचं पीठ घ्या, आणि कणकेचा हात तूपसाखरेच्या डब्यात जाऊ देऊ नका.

हिंग बघून घ्या. पूड हिंगात बहुतेक वेळा मैदा घातलेला असतो. तांदळाचं पीठ किंवा डिंक घातलेला मिळतो, पाकिटावरचे घटक वाचून तो आणा. सातूच्या पिठात गहू किंवा जव (बार्ली, तोही चालत नाही) असतो. ओट्स साधे असतील तर घेऊ नका, त्यांत गव्हा-जवाची भेसळ नेहमीची. बाहेरचं मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि ‘भाकरीचं मऊ पीठ’ तर अजिबात नको.

प्रश्न: घरघंटीत दळलेल्या ज्वारीची भाकरी तुटते. गिरणीच्या पिठाची तुटत नव्हती. सासूबाई मूठभर कणीक घालायला सांगतात, पण नातवालाच तर गहू चालत नाही. काय करू? (रायबाग)

उत्तर: ज्वारीला गव्हासारखा चिवट ताण नसतो, तिची भाकरी एकजीव राहते ती बारीक दळणावर आणि गरम पाण्यावर. तीन गोष्टी तपासा.

जाळी. घरघंटीबरोबर येणाऱ्या जाळ्यांत रव्याची, भरडीची आणि बारीक पिठाची वेगवेगळी असते. ज्वारीला सगळ्यात बारीक जाळी लावा आणि धान्य सोडायची चकती अर्ध्यावर ठेवा. दाणे भसाभस सोडले की काही दाणे जेमतेम फुटून बाहेर येतात. पीठ चिमटीत चोळून पाहा, कणी लागता कामा नये. फार तापलेलं पीठही नको. दोन किलो झाले की यंत्राला दहा मिनिटं विसावा द्या.

ताजेपणा. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांवर गेलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, उन्हाळ्यात त्याहून लवकर. आता यंत्र घरी आहे तर आठवड्यापुरतंच दळा. धान्यही जुनं नको, मागल्या वर्षीच्या ज्वारीची भाकरी कितीही मळलं तरी कडेला फाटते.

पाणी. एका भाकरीला 75 ग्रॅम पीठ धरा. चार भाकऱ्यांचं 300 ग्रॅम पीठ परातीत घेऊन मध्ये खळगा करा, खळखळ उकळलेलं कपभर पाणी त्यात ओता, उलथन्याच्या दांड्यानं ढवळून पाच मिनिटं झाकून ठेवा. उकळत्या पाण्यानं स्टार्च फुगून चिकट होतो आणि मूठभर कणकेचं काम तोच करतो. मग हाताला सोसेल इतपत झालं की लागेल तसा कोमट पाण्याचा हबका मारत तळहाताच्या टाचेनं चांगलं मळा. भाकरी थापून तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाणी फिरवा, ते सुकायच्या आत उलटा. पाणी पूर्ण सुकल्यावर उलटलीत तर वरच्या पापुद्र्याला तडे जातात आणि भाकरी फुगत नाही.